अकरा ताटल्यांचे जेवण



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि मंडळात आजवर माझे काम म्हणजे हळदीकुंकवाला खिरापत करणे आणि सतरंज्या घालणे. पण वर्धापनदिनी दरवर्षी एकीने आपला एखादा अनुभव सांगावा असे ठरले आणि यंदा अध्यक्षीणबाईंनी माझे नाव घातले. मी नको म्हणत होते. मग मनात आले की तुम्हां सर्वांना एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिली आहे, ती या निमित्ताने सांगून टाकावी.

माझी मुलगी मुंबईला असते हे तुम्हांला ठाऊक आहे. ती काय करते असे कोणी विचारले की मी सांगत असे, "मोठ्या हॉटेलात आहे, ऑफिसात." भगिनींनो, ते खरे नव्हते. माझी मुलगी हॉटेलात स्वयंपाक करते. सकाळी अकराला उभी राहते ती रात्री साडेबाराला बसते. मी तुमच्याशी दोन वर्षे खोटे बोलले, आणि त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

माझे माहेर मुंबईचे, डिलाईल रोडच्या चाळीतले. वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि आई खानावळ चालवीत असे. दहा बाय बाराची एक खोली, त्यात आम्ही पाच माणसे आणि दोन वेळा जेवायला अठरा मेंबर. कोणी पहिल्या पाळीचा, कोणी रातपाळीचा, म्हणून चूल सारखी पेटलेलीच. गिरणगावात अशा खानावळवाल्या बायका गल्लोगल्ली होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकटे राहत, त्यांच्या पोटाला या बायकांचाच आधार असे. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवावे, बँकेचे कर्ज मिळवून द्यावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. आमच्या चाळीतल्या दोघींनी त्यातून कर्ज घेतले. माझ्या आईने घेतले नाही, कारण वडील कर्ज म्हटले की जेवण टाकून उठत.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी होते. मी तेव्हा तीन वर्षांची, मला संप आठवत नाही, पण त्याचे जे झाले ते आठवते, कारण ते संपलेच नाही. मेंबर सहा महिने उधारीवर जेवले आणि मग एकेक करून गावाला निघून गेले. आईच्या वहीत नावे तेवढी राहिली. वडिलांना पुन्हा काम मिळाले नाही. आईने नवे मेंबर धरले, कोणी दुकानातले नोकर, कोणी टॅक्सीवाले, आणि खानावळ पुढे रेटली. मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात तिचा उजवा हात खांद्यापासून धरला. जूनला शाळा सुरू झाली तेव्हा मी पोळपाटापाशी होते, आणि तिथेच राहिले. रोजच्या नव्वद चपात्या. मला भूगोल फार आवडत असे. असो.

तेव्हा मी मनाशी पक्के केले होते की माझी मुलगी दुसऱ्याच्या जेवणासाठी चुलीपाशी उभी राहणार नाही. आणि तिने बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जायचे म्हटले. मी वाटले तसे बोलले. आमचे हे तिच्या बाजूचे होते, त्यांनी पैसे भरले. मी तीन वर्षे तिला डबा दिला, चिवडा दिला, मसाला दिला, पण तुझे काम काय चालले आहे, असे एकदाही विचारले नाही. नोकरी लागल्यावरही नाही.

गेल्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. म्हणाली, "आई, मी तुझे आणि आजीचे टेबल घेतले आहे. पैसे मी भरलेत, आता परत मिळायचे नाहीत. यावे लागेल." पैसे परत मिळणार नाहीत म्हटल्यावर मी काय करणार? माझी आई आता बहात्तर वर्षांची, भावाकडे बदलापूरला असते. ती तर लुगडे बदलून तयारच बसली होती.

जायच्या आदल्या आठवड्यात त्या हॉटेलातून मला फोन आला, तोही इंग्रजीतून. मी घाबरून मुलीचे काही झाले की काय असे समजले. मग त्या मुलाने हिंदीत विचारले की तुम्हांला काय चालत नाही? काही पदार्थ बाधतात का? मी सांगितले, माझा गुरुवार आहे, आणि आई माळकरी आहे, मांसमच्छी नाही, कांदा-लसूण चालतो. त्याने सगळे लिहून घेतले. पाहुण्याला आठवडाभर आधी असे विचारणे मला आवडले. आपल्याकडे पंगतीला बसल्यावर कोणीतरी म्हणते, माझा आज उपास आहे, आणि मग वाढणारणीची तारांबळ.

हॉटेलाचे नाव मी सांगणार नाही, मुलीने तसे बजावले आहे. परळ भागात एका जुन्या गिरणीच्या आवारात ते आहे. गिरण्यांच्या जागी आता कचेऱ्या, दुकाने आणि खाण्यापिण्याची ठिकाणे झाली आहेत हे तुम्ही ऐकून असालच. आम्ही करी रोडला उतरून गेलो. फाटकातून आत शिरताना आई थांबली, वर बघितले. म्हणाली, "भोंगा काढला वाटतं." मग हळूच म्हणाली, "या गिरणीतले आपले चार मेंबर होते. दोघांनी मागाहून फेडले. दोघांचे राहिले."

दारावर काळ्या कपड्यातला एक गृहस्थ उभा होता. आमच्याकडे पाहून त्याने विचारले, "कोणाकडे काम आहे?" आणि मागच्या दाराचा रस्ता दाखवला. मी गप्पच झाले. आईने मात्र ठणकावून सांगितले, "जेवायला आलोय. साडेसातचे आहे." त्याने यादी पाहिली, नाव सापडले, मग पुष्कळ वाकला. तो बिचारा तरी काय करील, आमच्यासारख्या तिथे येत नसतील. पण भगिनींनो, ती दोन मिनिटे मला जन्मभर पुरतील.

आत गेल्यावर आईने सवयीने चपला दारात काढल्या. एक मुलगी त्या हातात घेऊन आमच्या मागून आली आणि टेबलाखाली नीट ठेवल्या. तिने तोंडावर हसू आणले नाही, हे तिचे चांगलेपण.

आता जेवणाविषयी. या पद्धतीला तिथे टेस्टिंग मेनू म्हणतात. म्हणजे काय हवे ते आपण सांगायचे नाही. मुख्य आचाऱ्याने जे ठरवले असेल ते, घासा-दोन घासाचे, एकामागून एक येत राहते. आमचे अकरा प्रकार होते. किंमत माणशी साडेसहा हजार रुपये, आणि वर कर. मुलीला नोकर म्हणून काही सूट मिळाली, किती ते तिने सांगितले नाही. प्रत्येक ताटलीबरोबर वेगळी दारू घेणारे लोकही असतात, त्याचे पैसे निराळे. आम्हांला पाणी कोणते, साधे की बाटलीतले, असे विचारले. आई म्हणाली, "नळाचे."

ही रीत कुठून आली ते मुलीने मला दुसऱ्या दिवशी सांगितले आणि मी वहीत लिहून आणले आहे. पूर्वी फ्रान्सात मोठ्यांच्या घरी सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडून ठेवीत. दिसायला थाट, पण अर्धे गार. एकोणिसाव्या शतकात रशियन लोकांची रीत तिकडे गेली, ती अशी की एक पदार्थ आणायचा, तो गरम असतानाच खायचा, मग पुढचा. जपानातही कायसेकी म्हणून असेच क्रमाने येणारे जेवण आहे, त्याचा संबंध त्यांच्या चहाच्या विधीशी आहे. मी तिला म्हटले, आपली रीत दोन्हींच्या मधली. पान वाढताना मीठ मध्ये, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, सगळे एकदम. पण पुरी, जिलबी, ताकभात हे मागून येतातच की. ती म्हणाली, हे तू आमच्या शेफना सांग.

आणखी एक मजेची गोष्ट. जगातल्या अशा हॉटेलांना जे तारे मिळतात, ते देणारी मिशेलिन ही टायर करणारी फ्रेंच कंपनी आहे. मोटारवाल्यांनी खूप हिंडावे आणि टायर झिजवावेत म्हणून तिने १९०० साली मार्गदर्शनाचे पुस्तक काढले. १९२६ पासून चांगल्या जेवणाला तारा देऊ लागले आणि १९३१ पासून एक, दोन, तीन अशा पायऱ्या केल्या. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांनी बँकॉकला हॉटेल काढले, त्याला २०१८ साली असा तारा मिळाला. भारतीय बाईला मिळालेला तो पहिला. २०२३ साली दुसराही मिळाला. त्यांच्याकडे कच्च्या फणसाचा पदार्थ नावाजलेला आहे असे मुलगी म्हणाली. मी म्हटले, फणस बँकॉकला गेला आणि आम्ही तो झाडाखाली कुजू देतो.

पहिली आली ती सोलकढी. पण पांढरी-गुलाबी नव्हे, पाण्यासारखी आरपार दिसणारी, आणि बाळगुटी उगाळतो तेवढ्याशा वाटीत. आईने एका घोटात संपवली आणि पुढचे वाढायची वाट पाहत वाटी पुढे धरून बसली. मी हळूच खाली ठेवायला लावली. चव मात्र अस्सल होती. नारळ दिसत नव्हता पण होता. कसे केले ते मला अजून उमगले नाही.

दुसऱ्यांदा रुपयाच्या नाण्याएवढी एक कुरकुरीत चकती आणि तिच्यावर फणसाच्या कुयरीची भाजी, वर एक फूल. आईने फूल काढून बाजूला ठेवले, कारण देवाचे असेल असे तिला वाटले. तिसऱ्यांदा काय आले ते विसरले. बहुधा बीट होते.

चौथ्याचे मात्र सांगायलाच हवे. काचेचे एक मोठे झाकण आले, आत सगळा धूरच धूर. वाढणाऱ्या मुलाने आधी इंग्रजीत बरेच काही सांगितले, त्यात मला एक शब्द कळला, "पोपटी". अलिबागकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात घालून, मडके उलटे करून जाळात भाजतात, ती पोपटी. त्याने झाकण उचलले आणि धूर बाहेर आला. आजूबाजूच्या टेबलांवर लोक वा वा करून फोटो काढीत होते. आईला ठसका लागला. डोळे पुसत म्हणाली, "ओल्या लाकडाचा धूर चाळीस वर्षे खाल्ला, तो काय कमी झाला म्हणून इथे विकत?" मला हसू आवरेना. आणि हसता हसता लक्षात आले की तिला खरोखरच राग आला आहे. तिचे डोळे त्या धुरानेच गेले आहेत, दोन्हींची शस्त्रक्रिया झाली. खाली वालाचे दाणे होते, एका माणसाला मोजून सात. फार सुरेख शिजले होते. आईने खाल्ले नाहीत.

मला वाटले आता ही उठून जाते की काय. तेवढ्यात पाचवा प्रकार आला. त्यांच्याकडे या वेळी पाव आणि लोणी देण्याची रीत आहे, पण इथे नाचणीची भाकरी होती, तळहाताएवढी, निखाऱ्यावर फुगवलेली, आणि घरी घुसळलेले लोणी. भाकरी घेऊन माझी मुलगी स्वतः आली. पांढरा कोट, डोक्याला फडके बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. शेजारच्या टेबलावर तिने इंग्रजीत सांगितले, मी तिला इतके भरभर इंग्रजी बोलताना कधी ऐकले नव्हते. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "आजी, भाकरी मी केलीय. उकड काढून." आईने भाकरी उलटी करून पाहिली, कडा पाहिली, पापुद्रा सोडवून पाहिला. खानावळीत मी केलेली प्रत्येक भाकरी ती अशीच पाहत असे आणि मला धडकी भरत असे. परीक्षा माझ्या मुलीची होती, पण हात माझे थंड पडले. आई म्हणाली, "आणखी एक आण." अशा ठिकाणी दुसऱ्यांदा मागत नाहीत म्हणे. पण आणली. मग आईने ते वालाचे दाणेही मागवले. ताटली परत गेली होती, नवी आली.

त्यापुढे गुच्छी आली. हिमालयात बर्फ वितळल्यावर रानात उगवणारी ही अळंबी, हजारो रुपये किलो. आईने एक तुकडा तोंडात घातला आणि थबकली. मला खुणेने म्हणाली, हे मटण आहे. वाढणाऱ्या मुलाला दोनदा विचारून खात्री करून घेतली तेव्हा कुठे गिळला. मला तिचा वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा वाटला. पण श्रावणाच्या तोंडावर आपल्याकडे परड्यात जी अळंबी मिळतात, ती मी याच्या खाली धरणार नाही.

मध्ये तोंड फिरवायला आवळ्याचे बर्फ दिले, चमचाभर. मग भात. आंबेमोहोर, मूठभर, आणि त्यावर कुळथाचे सार. इथे मात्र मला बोलल्यावाचून राहवत नाही. त्यांनी कुळीथ इतके गाळले होते की त्याचे अंगच निघून गेले. वास होता, रंग होता, पण भाताला धरून राहील असे काही नव्हते. कुळथाला थोडा खरखरीतपणा लागतोच. एवढे शिकलेले आचारी, पण हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. मी मुलीला नंतर सांगितले, तिने मान डोलावली आणि "शेफना नाही पटत" एवढेच म्हणाली.

गोड दोन प्रकारचे, त्यात खरवस उत्तम होता, केशर नाही, वेलची नाही, नुसत्या चिकाचा आणि गुळाचा. शेवटी विड्याची एक गोळी. येताना मला वाटले होते की एवढ्याशा घासांनी पोट काय भरणार, परतताना वडापाव घेऊ. पण नवव्या ताटलीनंतर आम्हां दोघींनाही जड झाले होते. सावकाश खाल्ले की कमी लागते, हे खरे. पावणेतीन तास आम्ही जेवत होतो. लग्नानंतर मी कधी सलग पाऊण तास जेवत बसले असेन असे मला वाटत नाही.

दरम्यान आईचा हिशेब चालला होता. १९८१ साली ती दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला सव्वाशे रुपये घेई. बोटांवर मोजून म्हणाली, "साडेसहा हजार म्हणजे एका गड्याचे चार वर्षे चार महिने." मी म्हटले, तेव्हाचा रुपया आणि आताचा रुपया सारखा नव्हे. ती म्हणाली, "रुपया नसेल. पोट तेच आहे." मला उत्तर सुचले नाही.

जेवण झाल्यावर मुलीने आम्हांला आत नेऊन स्वयंपाकघर दाखवले. मी समजत होते की हॉटेलाचे स्वयंपाकघर म्हणजे आरडाओरडा, घाम, शिव्या. तिथे देवळासारखी शांतता. पंधरा-सोळा मुले-मुली, प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून तारीख लिहिलेली. एक मुलगा बारीक चिमट्याने ताटलीवर पाने ठेवीत होता, सोनाराने खडा बसवावा तसा. मुख्य आचारी येऊन आईच्या पाया पडले. आई मात्र त्यांना आशीर्वाद देऊन सरळ मागे मोरीकडे गेली. तिथे दोन माणसे भांडी धूत होती. चाळीस पाहुणे, प्रत्येकी अकरा ताटल्या, म्हणजे चारशे चाळीस, शिवाय वाट्या, पेले आणि प्रत्येक वेळी बदललेले चमचे. आईने त्यांना विचारले, किती वाजता जेवता? आणि त्यांनी सांगितले, चार वाजता, सगळे एकत्र. तेव्हा मला यातले काही कळले नाही.

रात्री आम्ही मुलीच्या खोलीवर झोपलो. ती आणखी तिघींबरोबर राहते. खोली परळच्याच एका जुन्या चाळीत, आणि भगिनींनो, तीही दहा बाय बाराच निघाली. एक वाजता ती आली. पाय गरम पाण्यात घालून बसली. दंडावर भाजल्याचे दोन डाग होते, एक जुना आणि एक नवा. मी इतकी वर्षे न विचारलेले सगळे त्या रात्री विचारले. पगार किती, सुट्टी किती, कोणी अंगावर ओरडते का, रात्री घरी येताना बरोबर कोण असते. पगार कमी आहे. सुट्टी एक दिवस. पहिल्या सहा महिन्यांत तिने नुसते मटार सोलले आणि पाला निवडला, आणि दोनदा पळून यायचे ठरवले होते. आली नाही, कारण, "तू म्हणाली असतीस, सांगितले होते ना." हे तिने हसत सांगितले. मला हसता आले नाही.

मग तिने सांगितले की दुपारी चारला तिथे नोकरांचे जेवण असते, भांडी धुणाऱ्यांपासून मुख्य आचाऱ्यापर्यंत सगळे खाली फरशीवर बसून जेवतात. बत्तीस माणसे. ते पाळीपाळीने एकेकाने करायचे असते आणि मंगळवार तिच्याकडे आहे. भात, आमटी, एक उसळ. मी तिला दर तीन महिन्यांनी जो दोन किलो मसाला पाठवते, आणि जो एकटी कशी संपवते म्हणून मी तिला बोल लावीत असे, तो सगळा तिथे जातो. पाहुण्यांच्या अकरा ताटल्यांत त्याचा कण नाही. शेफ म्हणाले, फार जहाल आहे, त्यांना झेपणार नाही. पण मंगळवारी कोणी रजा घेत नाही.

आई अंधारात जागी होती हे आम्हांला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "उधारी ठेवतेस का?" मुलगी म्हणाली, "नाही आजी, मालक देतो." आई म्हणाली, "मग बरे आहे," आणि कूस वळून झोपली.

तर भगिनींनो, माझी मुलगी आचारीण आहे. ऑफिसात नाही. ती त्या नोकरीत किती वर्षे टिकेल, तिच्या पायांचे काय होईल, लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, हे प्रश्न माझ्या मनात आहेत आणि ते मी तिच्याजवळ बोललेही आहे. तिच्याकडे सगळ्यांची उत्तरे नाहीत. माझ्याकडेही नाहीत. साडेसहा हजारांचे जेवण योग्य की अयोग्य हेही मला ठरवता आलेले नाही. दोन दिवस मला वाटते अयोग्य, आणि तिसऱ्या दिवशी ती भाकरी आठवते.

या उन्हाळ्यात मी मसाल्याच्या मिरच्या नेहमीपेक्षा चार किलो जास्त घेतल्या आहेत. बेडगी आणि संकेश्वरी, दोन्ही उन्हात घातल्या आहेत. शनिवारी देठ काढायला बसणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी दुपारी माझ्याकडे यावे, येताना आपापली सुपे आणावीत. चहा मी करीन.